डिझेल यूटीव्हीला ब्लेड लावून बर्फ लोटणं: मिशिगनच्या भाच्यासाठी सल्ला हवाय

कर्वेनगरचा_नंदू

मंडळी, प्रश्न पुण्यातून विचारतोय, पण बर्फ तिकडचा आहे.

धाकट्या बहिणीचा मुलगा मिशिगनच्या पार वरच्या टोकाला राहतो, सुपीरियर सरोवरात घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर. सरोवरावरून येणारा थंड वारा वाफ उचलतो आणि काठावर बर्फ ओततो. हंगामात पाच मीटरच्या आसपास पडतो म्हणे. पठ्ठ्याने गावाबाहेर घर घेतलंय. मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत साधारण दीडशे मीटरची खडीची वाट, शेवटी चढ. गेल्या हिवाळ्यात ठेकेदार लावला होता, तो स्वतःच्या सवडीने उगवायचा. आता स्वतःचीच यूटीव्ही, म्हणजे मागे हौदा असलेली, रानात कामाला जाणारी छोटी चारचाकी, घेऊन तिला बर्फ लोटायचं ब्लेड लावायचं घाटतंय. शिवाय रानातून जळाऊ लाकूड ओढायचं, खडी टाकायची, असली कामं वर्षभर आहेतच.

दोन पर्याय समोर आहेत. एक, कुबोटाची आरटीव्ही-एक्स ११००सी. तीन सिलिंडर, ११२३ सीसी, २४.८ अश्वशक्ती, बंद केबिन, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं, क्लच नसलेलं). दुसरा, सेकंडहँड महिंद्रा रॉक्सर. अडीच लिटर टर्बो डिझेल, ६२ अश्वशक्ती, पाच गिअर हाताने टाकायचे. बहिणीचं मत रॉक्सरला, कारण ‘आपली जीप’. भाचा गोंधळलाय. मी जन्म डिझेल इंजिनांत काढला म्हणून माझ्याकडे आलेत, पण माझी इंजिनं खडकी-भोसरीच्या हवेत चालली. उणे पंचवीसला डिझेल कसं वागतं ते पुस्तकातून माहीत आहे. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी बोलावं.

पेठी_शंकासुर

२४.८ आणि ६२ यात निवडायचं म्हणून धागा? गणित शाळेत होतं ना काका?

आकडेमोड

शंकासुर, तेच गणित करून बघू.

वाट १५० मीटर, रुंदी ४, रात्रीतून २५ सेंटिमीटर पडला. झाले १५० घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. शंभर धरला तर १५ टन. दबून बसला की २०० ते ३००, आणि ओला असेल तर ४०० च्या पुढे. म्हणजे तेवढ्याच जाडीचा ओला बर्फ असेल तर तीच वाट ६० टनांची होते. हे सगळं एका वेळी ढकलायचं नाही, पण रोजचं काम किती ते कळावं.

आता ढकलणार कोण? इंजिन नाही, टायर. दाबलेल्या बर्फावर रबराची पकड वजनाच्या पाव पट धरा, काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर त्याच्याही निम्मी. रॉक्सर १४०० किलोच्या आसपास आहे. चारही चाकं लागली तरी साडेतीनशे किलोच्या वर जोर देता येत नाही, त्यापुढे चाकं जागेवर फिरतात. एवढा जोर ताशी १० किलोमीटरने लावायला १३ अश्वशक्ती पुरते. उरलेली ४९ चाकं गरागरा फिरवायला.

हलकी पेट्रोल यूटीव्ही साडेसहाशे-सातशे किलोची असते, तिचा जोर याच हिशोबाने निम्मा. कुबोटा टनाच्या आसपास. म्हणून अश्वशक्ती विसरा. वजन, टायर आणि साखळ्या बघा. मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकली की कुबोटा रॉक्सरच्या जवळ येते.

कर्वेनगरचा_नंदू

हे आवडलं. बहिणीला तसंच्या तसं पाठवतो. बरं, ‘आपली जीप’ या मुद्द्यावर थोडं: रॉक्सर २०१८ मध्ये डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला जोडायला सुरुवात झाली, सुटे भाग इथून जात. जीपच्या मालक कंपनीने तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जुन्या रूपाविरुद्ध निकाल दिला, मग तिला नवा चेहरा बसवला. भाच्याने बघितलेली जुन्या चेहऱ्याची आहे. ती तिकडे रस्त्यावरची गाडी म्हणून नव्हे, रानातलं वाहन म्हणून विकली गेली. म्हणजे नोंदणी, विमा, सार्वजनिक रस्त्यावर किती अंतर चालवता येतं, हे तिथल्या कचेरीत विचारूनच पैसे द्यायचे.

डुलुथची_मीरा

नंदूकाका, मी मिनेसोटात, त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे डिझेल यूटीव्ही आहे, ब्लेड सहा फुटी. आकडेमोड यांचं बरोबर आहे, पण रोज वापरणाऱ्याला पकडीच्याही आधी एक गोष्ट छळते: पुढे-मागे, पुढे-मागे. बर्फ लोटणं म्हणजे वीस मीटर पुढे, ब्लेड वर, मागे, पुन्हा पुढे. हायड्रोस्टॅटिकला क्लच दाबावा लागत नाही, नुसता दांडा हलवून दिशा बदलते. हाताच्या गिअरला दर वेळी क्लच, रिव्हर्स, पहिला. जाडजूड बूट घालून. महिनाभरात डावा गुडघा बोलायला लागतो आणि क्लच त्याच्या आधी. रॉक्सर नंतर ऑटोमॅटिकमध्येही आली, ती मिळाली तर विचार करा.

आणि केबिन. सुरुवातीच्या रॉक्सरला दारं नाहीत, हीटर नाही. पहाटे सहाला वारा तोंडावर घेऊन तासभर बसून दाखवा म्हणावं. हीटर ही इथे चैन नाही, काच साफ राहिली तरच ब्लेडचं टोक दिसतं.

पेठी_शंकासुर

आम्ही डिसेंबरात सकाळी सिंहगड चढतो, टोपीही घालत नाही.

डुलुथची_मीरा

या एकदा. टोपी मी देईन.

गाळणी

डिझेलबद्दल लिहितो, कारण यूटीव्ही घेणारे ब्लेडवर महिनाभर चर्चा करतात आणि टाकीत काय आहे ते विचारत नाहीत.

डिझेलमध्ये मेण असतंच. गारवा वाढला की आधी ते धुरकट दिसायला लागतं, मग मेणाचे कण फिल्टरवर थर धरतात, आणि शेवटी तेल वाहायचंच थांबतं. डिसेंबरात खोबरेल तेलाच्या बाटलीचं होतं तेच, फक्त इथे बाटलीच्या जागी फिल्टर आहे. इंजिन बंद पडतं ते बहुतेक मधल्या पायरीवर. टाकी हलवून बघितली तर डिझेल पातळच असतं, म्हणून माणूस चक्रावतो. आपल्या भारतीय मानकात पोअर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान) हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंशांपर्यंत चालतो. पुण्याच्या पंपावरचं डिझेल कीविनॉला नेलं तर विहिरीत टाकलेल्या दगडाइतकंही उपयोगी नाही.

तिकडे नंबर २ हे नेहमीचं आणि नंबर १ हे केरोसिनच्या जवळचं, हलकं. नंबर १ उणे ४० च्या आसपासपर्यंत धुरकट होत नाही, पण त्यात ऊर्जा थोडी कमी आणि वंगणपणाही कमी. थंड भागातले पंप हिवाळ्यात दोन्हींचं मिश्रण देतात. त्यामुळे पंपावरचं ताजं डिझेल सहसा ठीक असतं. फसवतं ते गोठ्यातल्या कॅनमधलं, सप्टेंबरात भरून ठेवलेलं. रानातल्या वाहनांना तिकडे कर नसलेलं लाल रंगाचं डिझेल चालतं, लोक ते मोठ्या टाकीत साठवतात, आणि पहिल्या कडाक्याच्या रात्री उन्हाळी डिझेल गाडीत असतं.

मेण न धरण्याचं औषध मिळतं, पण ते डिझेल धुरकट होण्याआधी टाकायचं. नंतर ओतून उपयोग नाही, मग गाडी गरम जागेत ढकला आणि फिल्टर बदला. अजून एक: कोणी जुना ड्रायव्हर सांगेल ‘थोडं पेट्रोल मिसळा’. अजिबात नको. टाकीतल्या वाफा पेट घेण्याच्या पातळीवर येतात आणि कॉमन रेलच्या, म्हणजे जास्त दाबाने इंधन सोडणाऱ्या, पंपाला वंगण मिळत नाही.

ग्रेफ_निवृत्त

गाळणी साहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद छापून सगळ्या ढाब्यांवर लावला पाहिजे.

मी सीमा रस्ते संघटनेच्या ग्रेफमधून (जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स) निवृत्त, सध्या दिघीला. आमचं केंद्र इथेच आहे, म्हणून नोकरीची सुरुवात पुण्यात आणि उमेदीची वर्षं झोजिला आणि रोहतांग या हिमालयातल्या खिंडींत. तिकडे ट्रकवाले टाकीखाली स्टोव्ह लावून डिझेल पातळ करायचे, हे डोळ्यांनी पाहिलंय. इंजिन रात्रभर चालू ठेवणं तर नेहमीचं, कारण बंद केलं तर सकाळी सेल मारून बॅटरी संपायची. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल काढलं. पानिपतच्या रिफायनरीतून जातं. फरक पडला.

बर्फ काढण्याबद्दल: झोजिला ३५२८ मीटरवर आहे, तिथे हिमकडे कोसळून रस्त्यावर जे साचतं त्यात दगड, झाडं, गोठलेली माती सगळं असतं. आधी डोझर वाट फोडतो, मग मागून स्नो कटर बर्फ उचलून दरीत फेकतो. नुसता डोझर कधीच पुरत नाही. कारण साधं आहे, ढकलायला जागा उरत नाही. भाच्याला विचारा, दीडशे मीटरच्या दोन्ही बाजूंना जागा किती?

कर्वेनगरचा_नंदू

साहेब, एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला मोकळं, पण उतार वाटेकडे आहे.

डुलुथची_मीरा

मग साहेबांचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे.

ब्लेडने बर्फ नाहीसा होत नाही, फक्त सरकतो. डिसेंबरात सगळे खुश असतात. दोन्ही कडांना बांध तयार होतो, तो गोठतो, आणि पुढच्या वेळी ब्लेड त्याच्यावर आपटतं. वाट दर वादळाला वीतभर अरुंद होत जाते. फेब्रुवारीत गाडी जेमतेम जाते आणि नवीन बर्फ ठेवायला जागाच नसते. पाच मीटरच्या गावात हे होणारच.

म्हणून नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फालाच लागेल त्यापेक्षा दुप्पट रुंद लोटून ठेवायचं. वादळ थांबायची वाट न बघता मध्येच एक फेरी मारायची, पंधरा सेंटिमीटर दोनदा ढकलणं तीस एकदाच ढकलण्यापेक्षा सोपं. ब्लेड वाऱ्याच्या दिशेला तिरकं, म्हणजे उडालेला बर्फ परत वाटेवर येत नाही. चढावर वरून खाली लोटायचं. आणि कीविनॉला तरी ब्लेडच्या जोडीला फेकणारं यंत्र हवंच, मग ते हाताने चालवायचं दोन टप्प्यांचं स्नो ब्लोअर का असेना. तिथले जुने लोक छोट्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद जोडयंत्राला देणाऱ्या दांड्यावर) ब्लोअर लावतात, ते उगीच नाही.

पेठी_शंकासुर

म्हणजे ना कुबोटा यूटीव्ही ना रॉक्सर, ट्रॅक्टर घ्या. मी आधीच सांगणार होतो.

भोसरी_फॅब्रिकेटर

शंकासुर, तुम्ही नेहमी आधीच सांगणार असता.

ब्लेडबद्दल माझे दोन पैसे. इथे आम्ही डोझर, ग्रेडरची पाती बनवतो, बर्फाची नाही, पण लोखंड सगळीकडे तेच. खडीची वाट आहे हे लक्षात घ्या. ब्लेड सरळ जमिनीला टेकवलं की पहिल्याच दिवशी सगळी खडी झाडीत. खाली बसवायचे बूट मिळतात, ते लावून धार जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. वाट गोठेपर्यंत पहिले एक-दोन बर्फ दाबून पाया होऊ द्या, मग लोटा. आणि ब्लेडला मागे स्प्रिंग हवी, लपलेल्या दगडाला धडकलं की पातं पुढे कलून निसटलं पाहिजे. स्प्रिंग नसेल तर धक्का थेट चासीत जातो. माउंट चासीला हवा, अॅक्सलला अडकवलेलं नको.

उचलायला बऱ्याच जणांच्या यूटीव्हीला विंच असते. बर्फ लोटताना ती दिवसात शेकडो वेळा वर-खाली होते, तारेचा दोर एकाच जागी मुडपून तुटतो. तेवढ्यापुरता जाड पट्टा लावा. पैसे असतील तर सरळ हायड्रॉलिक घ्या, वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही. खाली उतरून, हाताने पिन काढून, ब्लेड तिरकं करायचं असेल तर माणूस करत नाही. एकाच कोनात हिवाळा काढतो.

चिंचवडची_आरती

वाचनमात्र होते, पण विचारतेच. पेट्रोल यूटीव्ही का नको? माझा दीर कॅनडात, त्याची पेट्रोल आहे, किल्ली फिरवली की सुरू. डिझेलचा एवढा सोपस्कार कशाला?

गाळणी

आरतीताई, फक्त वाट साफ करायची असती तर मीही पेट्रोलच म्हटलं असतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या कामात छोटं डिझेल नीट गरमच होत नाही. आकडेमोड यांनी दाखवलं तसं सरासरी ओझं कमी. गारठलेलं डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरतं, ऑइलमध्ये इंधन उतरतं. नुसतं उभं करून सुरू ठेवलं तर आणखी वाईट. पण भाचा लाकूड ओढणार, वर्षभर वापरणार. तिथे डिझेलचा कमी फेऱ्यांवरचा टॉर्क आणि इंधनाची बचत कामाला येते. त्यातून कुबोटाची अश्वशक्ती २५ च्या आत ठेवण्यात मेख आहे. अमेरिकेच्या नियमांत त्याखालच्या इंजिनांना सूट आहे, काजळी पकडणारा फिल्टर लावावा लागत नाही. थंडीत कमी वेळ चालणाऱ्या इंजिनाला तो फिल्टर नसणं हे वरदान.

आकडेमोड

रॉक्सरच्या बाजूने एक सांगतो, नाहीतर बहीण नाराज होईल. तिचं मूळ दणकट आहे, लोखंडी अंग, वजन जागच्या जागी, आणि तिला उन्हाळ्यात ट्रेलर ओढायला लावलं तर कुबोटा तिच्या जवळपास येणार नाही. बर्फ हेच मुख्य काम असेल तर मात्र मीरा म्हणतात ते दोन मुद्दे, गिअर आणि केबिन, भारी पडतात.

कर्वेनगरचा_नंदू

सगळ्यांचं वाचून काल रात्री भाच्याशी बोललो. रॉक्सरला दारं आणि हीटर वेगळे बसवायचा खर्च त्याने विचारला, आणि स्वतःच गप्प झाला. कुबोटाकडे झुकलाय. ब्लोअरचं त्याला पटलं, शेजाऱ्याकडे जुनं आहे, ते विकतोय.

आता माझ्या प्रांतातलं, म्हणजे सकाळी चालू करण्याबद्दल. मी त्याला असं लिहून दिलंय, चूक असेल तर टोका:

ऑइल. आपण डोळे झाकून १५डब्ल्यू-४० ओततो, ते उणे २० पर्यंतच्या क्रँकिंगसाठी, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवण्यासाठी, तपासलेलं असतं. ५डब्ल्यू उणे ३० ला, ०डब्ल्यू उणे ३५ ला. कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर सिंथेटिक ५डब्ल्यू-४० घे. बॅटरी: कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे १८ वर मोजलेला असतो, तोच बघून घे. त्या तापमानाला बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते आणि इंजिन मात्र दुप्पट हट्टी होतं. हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांब, गरज वाटली तर किल्ली मागे घेऊन दुसऱ्यांदा तापव, मग सेल मार. सलग दहा-पंधरा सेकंदांवर स्टार्टर दाबून धरू नको. सुरू झाल्यावर हायड्रोस्टॅटिकचं तेल घट्ट असतं, पाच-सात मिनिटं ब्लेड हळू वर-खाली कर, मग कामाला लाव. आणि ब्लॉक हीटर, म्हणजे बंद इंजिन गरम करणारा विजेचा हीटर, बसव. रात्रभर लावून ठेवायची गरज नाही, निघायच्या तीन-चार तास आधी सुरू होईल असा टायमर लाव.

ग्रेफ_निवृत्त

एकच जोडा. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवायची. अर्धी रिकामी टाकी म्हणजे आत दमट हवा, रात्री पाणी, सकाळी लाइनमध्ये बर्फ. वॉटर सेपरेटरचा नळ दर आठवड्याला उघडायचा.

डुलुथची_मीरा

नंदूकाका, यादी बरोबर. टायमरची वायर जाड घ्यायला सांगा, इथे लोक ख्रिसमसच्या दिव्यांची बारीक एक्स्टेन्शन वापरतात आणि प्लग वितळतो.

जमीन गोठायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरातच, वाटेच्या कडेने चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवायला सांगा. नंतर हातोड्यानेही जात नाहीत, आणि बर्फात वाट कुठे संपते ते कळत नाही. सेप्टिक टाकीचं शोषक्षेत्र, म्हणजे तिचं पाणी जमिनीत जिरतं ती जागा, कुठे आहे तेही खुणा करून ठेवायला सांगा, त्याच्यावरून गाडी न्यायची नाही आणि तिथला बर्फ लोटायचा नाही. भुसभुशीत बर्फ पांघरूण असतो. तो दाबला की गारठा खोल जातो आणि पाइप गोठतो. जानेवारीत ते दुरुस्त करायला कोणी येत नाही.

शेवटचं, मोठ्या रस्त्याचं तोंड. सरकारी प्लाऊ (बर्फ लोटणारा ट्रक) जाताना तिथे कडक ढेकळांचा बांध टाकून जातो. तो लगेच काढायचा, दुपारपर्यंत थांबलं तर ब्लेड वाकेल. आणि आपला बर्फ रस्ता ओलांडून समोर ढकलायचा नाही. मिशिगनच्या वाहन कायद्यात रस्त्यावर बर्फ टाकायला बंदी आहे.

पेठी_शंकासुर

आमच्या पेठेत पावसाळ्यानंतर रस्त्यावरची खडी लोटायला एक द्या की मागवून. बूट काढून टाकू, सगळी खडी न्यायचीच आहे.

भोसरी_फॅब्रिकेटर

पातं मी करून देतो. गाडी कुठे उभी करणार ते आधी सांगा, पेठेत.

कर्वेनगरचा_नंदू

शंकासुरांचं पार्किंग सुटेपर्यंत माझा एक प्रश्न राहिलाय. साखळ्या चारही चाकांना, की फक्त मागच्या? केबिनवाल्या कुबोटाला पुढच्या चाकाची जागा कमी आहे, वळताना साखळी आत घासेल असं भाचा म्हणतोय.

डुलुथची_मीरा

आधी पुस्तिका बघा, काही मॉडेल्सना पुढे साखळी लावायला मनाईच असते. आमच्या घरी फक्त मागे आहेत आणि मागच्या हौद्यात वाळूची पोती, चढाला पुरतं. पोती घट्ट बांधायची, आणि वाळू कोरडीच भरायची. ओली असेल तर डिसेंबरात दगड होतो आणि चाक घसरल्यावर खाली टाकायला मूठभरही सुटत नाही.